लाकडोबाचं वय

माय, आपल्या लाकडोबाचं वय सांगताना मी चुकले. नुसती चुकले असते तर हे लिहायला बसले नसते; चुकणं माझ्या कामात नवं नाही. पण मी चारचौघांत चुकले, हसत हसत चुकले, आणि ते हसू तुझ्यावर जाऊन पडलं. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता डोळे मिटून बसावं लागतं. तरीही तुलाच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर मी ते नीटनेटकं करून, स्वतःला जरा वाचवत सांगेन. तशी मला सवय आहे.

तू होतीस तेव्हा मी कॉलेजात नुकतीच लागले होते. "पोरगी लाकडाचं शिकवती," असं तू गल्लीत सांगायचीस. बायका विचारायच्या, "म्हंजी सुतारकी व्हय?" आणि तू जरा विचार करून म्हणायचीस, "व्हय, तसलंच कायतरी." मला तेव्हा राग यायचा. आता त्या तसल्याच कायतरीत मी बऱ्यापैकी नाव काढलं आहे. लोक जुनी दारं, चौकटी, देव्हाऱ्यांच्या कमानी घेऊन येतात, नाहीतर फोटो पाठवतात, आणि विचारतात, हे किती जुनं असेल, कुठलं असेल. सगळे नक्षीकडे बघतात, मी लाकूड उलटं करून पाठ बघते. नक्षी खोटं बोलू शकते. पाठीला खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नसतं. हातकरवतीच्या रेघा वाकड्यातिकड्या असतात, यंत्राच्या करवतीच्या मात्र कंगव्याने ओढल्यासारख्या एकसारख्या. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी भोक पाडतो, कारखान्यातला गोल. मग लाकूड कुठलं, रंग कसला, त्या भागातल्या सुताराचा हात कसा फिरतो, एवढं बघितलं की वय आणि गाव बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. एका गृहस्थांचं 'पेशवाई' दार मी त्यांच्याच बैठकीत, त्यांचाच चहा पिता पिता, त्यांच्या वडिलांच्या काळात आणून ठेवलं होतं. त्यांचा चेहरा पडला तेव्हा मला मजा वाटली. हे सांगते एवढ्यासाठी, की तुझी लेक पुढे कशी झाली ते तुला कळावं.

लाकडोबा हे नाव मीच ठेवलेलं, टकटक केलं की लाकडासारखा वाजायचा म्हणून. तू त्याला नुसतं 'देव' म्हणायचीस. आपल्या माळवदाच्या घरात चुलीच्या उजव्या हाताला भिंतीत जी देवळी होती, तिच्यात तो बसलेला असायचा. बाकीचे देव बाहेरच्या खोलीत पाटावर, पितळेचे, चिंचेने घासून लख्ख केलेले. हा एकटा आत, धुरात. मक्याच्या कणसाएवढा शेंदराचा गोळा, ना तोंड ना हात. "ह्यो कुठला गं देव?" असं विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "आडात सापडला. आड खंदताना." त्यापुढे विचारायची सोय नव्हती. मी उंबऱ्यावर बसले आहे, मांडीवर पाटी आहे, तू पाठमोरी आहेस. शेवटची भाकरी तव्यावरून उतरते, तू हात धुतेस, वाटीत करडीचं तेल घेतेस, त्यात चिमूटभर शेंदूर कालवतेस आणि वरून खाली एकच बोट ओढतेस. ओढून झालं की लगेच हात काढत नाहीस, बोट तिथेच जरा वेळ टेकवून ठेवतेस. अमावास्येला तर ठरलेलंच, पण एरवीही, काही सणवार नसताना, भर दुपारी कधीतरी तू मध्येच उठून वाटी घ्यायचीस. गल्लीतल्या काही बायकाही यायच्या. सगळ्या नाहीत, ठरावीक. विस्तव न्यायला म्हणून, मिठाचे खडे मागायला म्हणून यायच्या आणि जाता जाता एक बोट ओढून जायच्या. मला वाटायचं, यांच्या घरी शेंदूर आणायचा कंटाळा दिसतोय, आपल्याकडे फुकटात पुण्य मिळतंय.

तू मला उभ्या आयुष्यात एकदाच मारलंस, ते त्याच्यापायी. तू पाण्याला गेलेली, आणि मी देवळीपाशी उभी राहून नखाने शेंदराची एक पापडी काढली होती. आत काय आहे ते बघायचं होतं, दुसरं काही नाही. तू हंडा खाली ठेवलास आणि अशी थप्पड मारलीस की कानात शिट्टी वाजली. बाहेरून आजी ओरडली, "कावून मारलं गं पोरीला?" तू म्हणालीस, "चुलीपाशी गेलती." मला कानापेक्षा ते जास्त लागलं, मी चुलीपाशी गेलेच नव्हते. मग माझ्या हातातली पापडी घेऊन, ओला शेंदूर लावून, तू ती होती तिथे चिकटवलीस आणि हळूच मला म्हणालीस, "त्याला उघडं करू न्हाई, बाई." तुझे डोळे भरलेले होते. मला वाटलं, मारल्याचं वाईट वाटतंय तुला, आणि मी मुद्दाम फुरंगटून बसले.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्या धाकट्या लेकाने घर पाडायला काढलं. स्लॅबचं बांधायचं. त्याचा फोन आला, "आक्का, आपला देव किती जुना असंल गं? तुझं तर कामच हाय ते. जुना निघाला तर गल्लीच्या तोंडाला बारकं मंदिर बांधू म्हणत्यात पोरं." मी पाठ न बघता, त्याला हातात न घेता, फोनवरच त्याला वय सांगून टाकलं. आमच्या कामात एक वहिवाट आहे. घरच्या देवाला वर्षातून अमुकच वेळा शेंदूर लागतो असं धरायचं आणि थरांवरून काळ काढायचा, खोडातली वर्तुळं मोजतात तसा. लाकडोबाचा शेंदूर बोटभर जाड होता हे मला पक्कं आठवत होतं. मी म्हणाले, "दोनशे वर्षांचा तरी असणार. जास्तच, कमी नाही." धाकट्याने ते गावभर केलं. आणि मग तो स्वतः तालुक्याच्या शिरूरहून एसटीने बीड, बीडहून शहर, असा देवाला नव्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. वाटेत कुठे त्याला खाली ठेवला नाही. चहा प्यायलाही उतरला नाही, तसाच मांडीवर घेऊन बसला.

साफ करायचं काम मी वर्गात घेतलं. मुलांना शिकायला मिळेल म्हणून घेतलं असं मी सगळ्यांना सांगितलं; खरं तर मला बघणारी माणसं हवी होती. मुलांपैकीच कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, कॉलेजच्या पानावर टाकायला. शेंदराला ऊब दिली, तेल मऊ झालं, आणि लाकडाच्या पात्याने कडेने उचलत मी एकेक थर काढत गेले. आतल्या थरांवर बोटांचे ओढलेले चर जसेच्या तसे होते. रुंद, अरुंद, काही ठाम, काही मध्येच थांबलेले. एवढी बोटं एका घरातली नव्हेत, हे माझ्यासारखीला तिथेच दिसायला हवं होतं. मला त्यात विनोद दिसला. मी तो तुकडा मुलांपुढे धरला आणि म्हणाले, "बघा, इथं बोट वाकडं गेलंय, इथं अर्ध्यावर सुटलंय. खेड्यातली भक्ती ही अशी. हात फिरवायचा आणि मोकळं व्हायचं. दिसेल त्या लाकडाला शेंदूर फासला की झाला देव, आत काय आहे ते कोण बघतो?" पोरं हसली. मीही हसले, माय. ही वस्तू कुठली, असं एका मुलीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "बीड जिल्ह्यातल्या एका कुटुंबाकडून आली आहे." एका कुटुंबाकडून! आपलं घर, आपली चूल, आणि त्या पोरांना मी कुठली हे कधी सांगितलेलंच नाही.

शेवटचा थर निघाला तेव्हा आतून राघू निघाला. बाकदार चोच, मिटलेले पंख, पंखांवर पटाशीने मारलेल्या बारीक चिरा. गळ्याशी हिरवा रंग अजून चिकटून होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीने त्याला उलटा केला. पाठीवर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा. लाकूड आंब्याचं, हलकं, स्वस्तातलं. हिरवा रंग डब्यातला. खाली गोल खिळ्याचं भोक, आणि पाठीत दोरी ओवायची गंजलेली कडी. "अजून अभ्यास करावा लागेल," असं म्हणून मी वेळ मारून नेली. मुलं गेल्यावर परत बघितलं, पण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाळण्याच्या वर टांगतात तो राघू होता तो. असे पाळणे आपल्याच पट्ट्यातले सुतार करायचे, मी त्यांच्यावर लिहिलेलंही आहे. वय म्हणशील तर माझ्याहून थोडाच मोठा. आता धाकट्याला काय तोंड दाखवायचं, एवढीच काळजी मला रात्रभर लागली. पाळण्यावरच्या राघूला कुणी शेंदूर का लावेल, हा प्रश्न मला पडला नाही. वय आणि गाव मिळालं की आमचं काम संपतं.

मी राघू आणि शेंदराच्या पापड्यांचा डबा घेऊन गावी गेले. घराच्या जागी पाया खणलेला होता आणि धाकट्याचा संसार पत्र्याच्या शेडमध्ये. त्याने कॉलेजच्या पानावरचा, थर निघतानाचाच तेवढा, व्हिडिओ कौतुकाने सगळ्या गावाला पाठवून ठेवला होता, 'आमच्या आक्काने देव उजळला' म्हणून. मी टॉवेल सोडून राघू दाखवला तर तो हिरमुसला, पण भावजयीने राघूकडे बघितलं आणि चटकन पदर डोक्यावर ओढून घेतला. मला पाणी दिलं, चहा टाकला, जेवायला काय करू विचारलं, सगळं खाली मान घालून. मग म्हणाली, "पलीकडच्या काकूंनी बोलवलंय तुमाला. आल्या आल्या या म्हणल्यात."

पलीकडची काकू आता नव्वदीला टेकली असेल. विस्तव न्यायला यायची तीच, तुझ्याबरोबरची. बाजेवर बसलेली होती. तिने माझं जुनं नाव घेऊन हाक मारली. ते नाव मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, क्षणभर मला वाटलं ती दुसऱ्याच कुणाला बोलावते आहे.

"बस," ती म्हणाली. "सुनंनं दावलं मला मोबाइलात. लई हासत व्हतीस."

मला वाटलं, देव मोडला म्हणून रागावली आहे. मी समजुतीच्या सुरात, वर्गात बोलते तसं म्हणाले, "काकू, तो देव नव्हताच. पाळण्यावरचा राघू आहे तो. जुनासुद्धा नाही."

"मला सांगतीस व्हय? पाळणा आणला तवा मीच गेलते तुझ्या मायसंगं. शिरूरच्या बाजारातनं आणला. राघूसाठीच घेतला तिनं."

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "तुला खरंच म्हाईत न्हाई? तुझ्या आधी एक लेकरू व्हतं तिला. पोरगं."

"नाही, काकू."

"कसं म्हाईत असंल? सांगत न्हाईत तसलं." मग तिने सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, पण न रडता. "आमी एकाच टोळीत गेलतो ऊस तोडायला. लेकरू रांगायबी लागलं नव्हतं. पाळणा हितं घरी, अन् तिकडं पाचटाच्या कोपीत लुगड्याची झोळी. थंडी लई पडलती. ताप आला अन् गेलं, दवाखान्यापतूरबी न्हेता आलं न्हाई. सकाळच्या पारी फडाच्या कडंला पुरलं अन् दुपारी तुझी माय मोळ्या उचलीत व्हती. मुकादम म्हणला, गाडी भरायची हाय. काय करती?"

तू आणि बापू काही वर्षं उसाला गेला होतात, एवढं मला माहीत होतं. मी जन्मल्यावर तुम्ही कोयता सोडला आणि बापू कापसाच्या जिनिंगवर लागले, हेही माहीत होतं. का सोडला, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या आयुष्याला माझ्यापासूनच सुरुवात झाली असं मी धरून चालले होते.

काकू सांगत राहिली. तुम्ही परत आलात तेव्हा पाळणा आढ्याला तसाच टांगलेला होता. मेलेल्या लेकराचा पाळणा घरात ठेवला तर पुढचं जगत नाही, म्हणून आजीने तो मोडून चुलीला लावला. "तिचंबी काय चुकलं?" काकू म्हणाली. "समदे तसंच करत्यात. पर तुझ्या मायनं एक राघू काढून घेतला पदराखाली. घेतला, पर ठिवायचा कुठं? घर दोन खणाचं, अन् सासूची नजर समद्या डब्यांत. घावला असता तर त्योबी चुलीत. मग संध्याकाळची माझ्याकडं आली. म्हणली, शेंदूर दे."

मला कळायला वेळ लागला. ज्याला शेंदूर लागला त्याला कुणी हात लावत नाही. सासू नाही, नवरा नाही, सरकारसुद्धा नाही. रस्त्यात आलेला शेंदराचा धोंडा चुकवून रस्ता वळतो. मी ज्याला हसले ते तुझं डोकं होतं, माय. राघू लपवायला आपल्या घरात देवळीइतकी उघडी जागा नव्हती, आणि तू तो तिथेच, आजीच्या डोळ्यांसमोर लपवलास.

"आजीला कळलं नाही?" मी विचारलं.

"न कळाया काय झालं? आड कुठं खंदला व्हता तवा कुणी! पर शेंदूर लागलेला बघितला अन् तीबी पाया पडली. काय बोलली न्हाई." काकूने बाजेची दोरी चाचपली. "मग मी लावाया लागले, माझ्या पोरीसाठी. तीबी तिकडंच ऱ्हायली. मग ज्येंची ज्येंची लेकरं तिकडं गेली त्या समद्या. फडाच्या कडंला कुणी दगडसुदिक ठिवीत न्हाई, दुसऱ्या साली त्योच फड सापडत न्हाई. बघाया कुठं जायचं मग? तुझ्या मायच्या चुलीपाशी यायचं, एक बोट लावायचं, अन् कामाला लागायचं. बोलायचं न्हाई. आजूक येत्यात. तुझी भावजयबी लावती."

ते वाकडं गेलेलं बोट. ते अर्ध्यावर सुटलेलं. मी मुलांपुढे तुकडा धरून दाखवलं होतं. माझा तो आवाज, तो माझ्या ओळखीचा शहाणा आवाज, काकूच्या सुनेच्या मोबाइलमधून या गल्लीत घरोघर वाजला होता आणि त्या बायकांनी तो ऐकला होता, कदाचित नवऱ्यांबरोबर बसून, काही न बोलता. थर जाड होता म्हणून मी दोनशे वर्षं धरली. एवढ्या थोड्या वर्षांत एवढा शेंदूर लागण्याएवढी लेकरं जातात, हे माझ्या हिशेबात बसणारं नव्हतं.

"तू तिला उघडं केलंस, बाई," काकू म्हणाली. "अन् आमालाबी." रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

तिने राघू मागून घेतला आणि मांडीवर ठेवला. हिरव्या गळ्यावरून अंगठा फिरवला. मग सुनेला हाक मारून तेल-शेंदूर मागवला. मी म्हणाले, "काकू, मी लावू?" माझा हात पुढे झालाही होता.

"तू नगं. तुझ्या हातानं निघालंय, दुसऱ्याच्या हातानं लागू दे." तिने वाटीत बोट बुडवलं आणि चोचीपासून खाली ओढलं. रेघ वाकडी गेली. पापड्यांचा डबा तिने उघडून बघितला आणि झाकण लावून मला परत दिला. "ह्ये गंगेला सोड. एवढं कर."

ते मी केलं. राक्षसभुवनच्या घाटावर गोदावरीत डबा रिकामा केला. पण तिथे जायच्या आधी काकूने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला शहरात परत येऊन इतके दिवस झाले तरी गिळता आलेली नाही. मी उठले तेव्हा तिने विचारलं, "तुझं नाव कावून तसलं ठिवलं व्हतं, इचारलंस कधी?"

नाही विचारलं. माझं नाव उकिरड्यावरून ठेवलेलं होतं आणि मला त्याची एवढी लाज वाटायची की शाळेत हजेरीच्या वेळी मी मास्तरांनी नाव पुरतं घ्यायच्या आतच 'हजर' म्हणायचे. काकू म्हणाली, मी जन्मले त्या दिवशी तू मला सुपात घालून खरंच उकिरड्यावर नेऊन ठेवलंस. काकूने उचललं, आणि तू तिच्याकडून पसाभर ज्वारी देऊन मला विकत घेतलंस. टाकून दिलेली पोर आहे, हिला न्यायची कुणाला हौस असेल, असं यमाला वाटावं म्हणून. माय, तेव्हा तुझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या; एकीला शेंदूर फासून आणि दुसरीला उकिरडा लावून तू दोन्ही वाचवल्यास. नोकरी लागली त्या वर्षी मी ते नाव रीतसर बदलून घेतलं आणि मोठ्या तोऱ्यात तुला सांगायला आले. तू रागावली नाहीस. "नवं काय ते परत सांग," म्हणालीस. मी सांगितलं. तू दोन-तीनदा म्हणून बघितलंस, तुझ्या जिभेवर ते चढेना, आणि ओशाळं हसून म्हणालीस, "माझ्या तोंडात बसत न्हाई गं. पर चांगलं हाय." त्यानंतर तू मला नुसतं 'बाई' म्हणायला लागलीस. मला ते सोयीचं वाटलं.

धाकट्याला मी खरं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता. वस्तू फार जुनी नाही, मंदिराचं डोक्यातून काढ, एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "म्हंजी फेकायचा का मग?" आणि भावजय शेडच्या आतून, कधी नव्हे ती मोठ्याने बोलली, "देव हाय त्यो. नव्या घरात देवळी करा, चुलीपाशी." धाकटा माझ्याकडे बघत राहिला, शिकलेल्या बहिणीने काहीतरी निकाल द्यावा म्हणून. मी म्हणाले, ती म्हणते तसं कर. व्हिडिओ मी कॉलेजला काढून टाकायला लावला आहे, त्याचा आता काही उपयोग नाही हे माहीत असून. मुलांना या वस्तूचं पुढे काय झालं ते अजून सांगितलेलं नाही. ज्या मुलीने विचारलं होतं तिला तरी सांगायला हवं, की ते कुटुंब कुणाचं.

हे तुला पोचवायची काही सोय नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं, पुढच्या चार ओळींमुळे. त्या दिवशी निघताना, दारात, मी काकूला विचारलं की त्याचं नाव काय ठेवलं होतं. तिने सांगितलं. "लई हौसंनं ठिवलं व्हतं," म्हणाली, "बारशाला गूळ वाटला समद्या गल्लीत." इतकं सुंदर नाव होतं ते, माय. एसटीत बसल्यावर मला रडू फुटलं, थांबेचना. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, कोण गेलं. मी म्हणाले, भाऊ गेला. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला. पण मी त्याच्यासाठी रडत नव्हते. तू ते नाव त्याला दिलंस आणि मला दिलं नाहीस, म्हणून रडत होते.